देओलिंदाच्या झारीतला पाला

इताकुआत कुणाला काय दुखतंय हे विचारायला कुणी कुणाच्या दारात जात नाही. झारीत डोकावलं की पुरे. सकाळचं ऊन ओसरीवर चढलं की घरोघर लाकडी उखळात ओला पाला कुटतात, तो झारीतल्या गार पाण्यात पडतो, आणि ते पाणी यर्बाच्या, म्हणजे तिकडच्या चहाच्या, भुकटीवर ओतत ओतत तेरेरेची फेरी सुरू होते. शिंगाचा एकच पेला, म्हणजे गुआम्पा, एकच नळी, आणि आळीपाळीने सगळ्यांची तोंडं. झारीत घोड्याची शेपटी नावाचं गवत तरंगताना दिसलं, की समजावं म्हाताऱ्याची लघवी अडलीय. न्यांगापिरीचा पाला दिसला, की घरधनिणीचं रक्त चढलंय, म्हणजे सून माहेराहून परत आली. काआरेचा उग्र वास आला, की पोरांच्या पोटात जंत. ज्याला पाला वाचता येतो त्याला वर्तमानपत्र लागत नाही. तसं ते इताकुआत येतही नाही.

पण ज्याला पाला वाचता येत नाही त्याचं काय? त्याच्या डोळ्यांदेखत गाव त्याला काहीही पाजू शकतं. न्या देओलिंदा रेकाल्देला, म्हणजे देओलिंदाबाईला, पाजलंच की.

ही देओलिंदा मूळची आसुन्सिओन शहरातली, शिंप्याची लेक. हिलारियोशी लग्न करून आली ती बापाने दिलेलं शिवणयंत्र बैलगाडीत मांडीशी धरून. यंत्राबरोबर जीभही आणली. पहिल्याच वर्षी तिने भर देवळात पाद्रीबाबांना सुनावलं, की प्रवचन एवढं लांबवायचं तर बायकांना बसायला बाकं द्या. सासूच्या मावशीला जेवताना विचारलं, हा मांडिओकाचा कंद उकडलाय की नुसता घाबरवलाय. तिचं चुकत नसे, हीच तर पंचाईत. चुकणाऱ्या माणसाला गप्प करता येतं. बरोबर असलेल्या बाईचं काय करायचं, हे इताकुआतल्या पुरुषांना अजून कुणी शिकवलेलं नाही.

पुढे ती निवळली. निदान गाव तसं म्हणायचं. तिला स्वतःला अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. बाकीच्या घरांत पाला बायका कुटायच्या, तिच्या घरी नवरा कुटायचा. रोज सकाळी हिलारियो कोपऱ्यावरच्या सिंफोरोसा पालेवालीकडून जुडी आणायचा, स्वतः मुसळ उचलायचा, स्वतः झारी भरायचा.

"मला उखळाला हात लावू देत नाही गं," ती विहिरीवर सांगायची. "म्हणतो, तुझे हात नाजूक. तुमच्यात कोण कुटतं?"

"आमच्यात कोण कुटणार, न्या देओलिंदा? आमचा मेला बसल्या जागी चिपाचा पाव मागतो," बायका म्हणायच्या. "नशीब लागतं त्याला."

आणि पाठ वळवून खांदे हलेपर्यंत हसायच्या. तिला वाटायचं, जळतात.

असं चाललं ते चाललंच. मग एका फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, उन्हाने जीव नकोसा झालेला असताना, बैलाने हिलारियोच्या पायावर पाय दिला. पाय सुजून भोपळा झाला. सकाळी देओलिंदाने टोपली उचलली तसा हा खाटेवर उठून बसला.

"मी जातो. लंगडत जातो."

"पडून राहा मुकाट. पाला आणायला घोडेस्वारी लागते का?"

"तुला कळायची नाही आपली जुडी कुठली ते."

"सिंफोरोसाला कळेल ना?"

हिलारियो खाटेवर परत आडवा झाला. पण चेहरा असा झाला, की देओलिंदाला त्याची दयाच आली. किती जीव या माणसाचा आपल्यावर, असं मनात म्हणत ती बाई कोपऱ्यावर गेली.

सिंफोरोसा त्या दिवशी नवस फेडायला गेली होती. तिच्या जागी तिची भाची निमिया बसली होती, बाहेरगावची, नुकतीच आलेली, माणसं न ओळखणारी.

"कुठल्या घरची जुडी?"

"हिलारियोची."

"हां, रागीट बाईची." निमियाने ढिगातून एक वेगळी जुडी उपसली. "मावशीने बजावलंय, हिच्यात म्बुरुकुजाचा पाला असतो, डोकं थंड करायला. बाई फार कडक आहे म्हणे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाजतात. सासूनेच सुरू केलं होतं. तिला मात्र कळू द्यायचं नाही हं. तुम्ही कामाला आहात का त्यांच्याकडे?"

रांगेतल्या मागच्या बायकांनी आपापल्या चपलांकडे बघितलं. चपलांत बघण्यासारखं काही नव्हतं.

"हो," देओलिंदा म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या वर्षापासून."

घरी येईपर्यंत तिच्या कानशिलांत उखळं वाजत होती. वाटेत भेटलेल्या प्रत्येक बाईचं तोंड ती नव्याने बघत होती: हिला माहीत होतं, हिलाही माहीत होतं, आणि ही तर माझ्या मुलीची धर्ममाता. सगळ्या गावाला ठाऊक की या बाईला रोज वेसण घातली जाते, आणि बाई विहिरीवर उभी राहून वेसणीचं कौतुक सांगते. शिवी दिली असती तर परवडलं असतं. मारलं असतं तरी तिने उलटून मारलं असतं. पण हे काय? माणसाचा राग त्याच्या नकळत काढून घ्यायचा, तोही त्याच्याच झारीतून, तोही प्रेमाच्या नावाने?

"काय असतं रे यात?" तिने जुडी त्याच्या नाकासमोर धरून विचारलं.

"थंड पाला."

"नाव काय त्याचं?"

"नाव... थंड पाला. सगळे पितात तोच." हिलारियो भिंतीवरच्या पालीकडे बघत होता.

मुसळ हाताशीच होतं. तिने जुडी सोडून पाला टेबलावर पसरला, आणि तिथे तिचं घोडं अडलं. सगळंच हिरवं. यातला म्बुरुकुजा कुठला? म्बुरुकुजाचं फूल तिला ठाऊक होतं. ते कोणाला नसतं? शाळेच्या पुस्तकात असतं, वेदीवर असतं, जांभळ्या झालरीचं, कृष्णकमळाच्या घराण्यातलं. फळही तिने खाल्लं होतं. पण पान कोण बघतं? आता भांडायला उभी राहिली आणि नवरा म्हणाला, दाखव कुठला तो, तर कुठल्या पानावर बोट ठेवणार? इतकी वर्षं पोटात गेलेल्या वस्तूचं तिला नाव सांगता येत नव्हतं. या गोष्टीचा राग नवऱ्याच्या रागापेक्षा चढा होता.

आणि मग आठवली संत्र्यांची बाग.

ओढ्याकाठची ती बाग सासऱ्यांनी घेतली तेव्हा अर्ध्या बागेचा पैसा देओलिंदाच्या शिवणयंत्राचा होता. यंत्र विकताना सासऱ्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, अर्धी बाग पोरीची. सासरे गेले, आणि महिना उलटायच्या आत धाकट्या दिराने, रुफिनोने, सगळ्या बागेला तारेचं कुंपण घातलं. त्या रविवारी ओसरीवर तेरेरे चालू असताना तो म्हणाला, "बाग आता माझ्याकडे राहील, दादाला काही हरकत नाही." दादाने मान हलवली. देओलिंदा बोलायला उठली होती, चांगली उभी राहिली होती, आणि मग खाली बसून तिने गुआम्पा पुढच्याला दिली. सगळ्यांनी वाखाणलं, किती समजूतदार बाई. तेव्हापासून दर हिवाळ्यात रुफिनो तिच्याच झाडांची टोपलीभर संत्री भेट म्हणून आणायचा आणि ती आभार मानून घ्यायची. आपण त्या दिवशी का बसलो, हे कोडं तिला इतक्या वर्षांत सुटलं नव्हतं.

आता सुटलं. मी नाही बसले, मला पाल्याने बसवलं. बाग पाल्याने चोरली.

तिने ठरवलं, हे ओसरीवर सगळ्यांसमोर सिद्ध करायचं, पान हातात धरून. पण त्यासाठी आधी पान ओळखता यायला हवं, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. सांगणाऱ्यांनीच तर गळा कापला होता.

सिंफोरोसा परत आली त्या सकाळी देओलिंदा तिच्या उखळाशेजारी बुड टेकून बसली.

"कोमाद्रे, सखे, भाची खुळी आहे माझी," सिंफोरोसा आधीच म्हणाली. सगळी बातमी तिला वाटेतच मिळाली होती. "आणि औषध पिणाऱ्याला सांगत नसतात, गुण जातो."

"बैलालाही सांगत नसतात वेसण कशाला ते."

"मी विकलं तुझ्या नवऱ्याला. प्यायलीस तू. मी काय नळी तुझ्या तोंडात घातली?"

"बरं. मग मी आता रोज इथेच बसते, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, आपली जुडी उघडून बघ."

सिंफोरोसाचं मुसळ थांबलं. तिच्या टोपल्यांत कुणाकुणाच्या घरचं काय काय होतं हे तिचं तिला ठाऊक. "काय पाहिजे तुला?"

"सगळा पाला ओळखायला शिकव. एकूण एक. आणि हिलारियोला चकार शब्द सांगायचा नाही. त्याची जुडी त्याला देत राहा."

हिलारियोला कुणीच सांगितलं नाही. गावाची माया एवढीच असते. फुकटचा तमाशा व्हायचा असेल तर आधीच दिवा कोण विझवतो?

मग दोघी पहाटे ओढ्याकडच्या माळावर जाऊ लागल्या. पुढे सिंफोरोसा, तोंडात चिरूट आणि गुडघ्याला शिव्या. मागे देओलिंदा, शहरातल्या चालीने पाय उचलत. सिंफोरोसाचं शिकवणंही सिंफोरोसासारखंच होतं, अर्धं पाल्याचं आणि अर्धं लोकांचं.

"फुलाकडे बघू नकोस. फूल म्हणजे जत्रेतले कपडे. तेवढ्यावर भुलून आमच्या शेजारणीने जावई केला, बघ काय झालं. पान उलटं कर. पाठ बघ. देठाचा सांधा बघ. मग चुरगळ आणि वास घे. मग मोड, चीक येतो का बघ. एवढं करून कळलं नाही तर टाकून दे आणि घरी जा."

घोड्याची शेपटी तिला पहिल्या दिवशी कोवळा लव्हाळा वाटली. सिंफोरोसाने काडी ओढली, तशी ती सांध्यासांध्यातून सुटी झाली. "लव्हाळा असा सुटतो का?" तापेकुए शोधायला तिने अर्धा माळ पालथा घातला आणि शेवटी त्याचं काटेरी फळ तिच्याच घेराला चिकटलेलं निघालं. "जुन्या पायवाटेचा पाला आहे तो. त्याला शोधायचं नसतं, तो आपल्याला शोधतो." सांता लुसिया, आपल्याकडच्या केन्याची बहीण, निळ्या फुलाची. तिच्या फुलाखालची होडी चिमटली की पाण्याचा थेंब येतो, तो डोळ्यांत घालतात. देओलिंदाने घातला. एकदा तिने रुंद, केसाळ पानांचा झुबका मोठ्या ऐटीत खुडून आणला. सिंफोरोसा चिरूट ओढत शांत बघत राहिली. दुसऱ्या क्षणाला देओलिंदाचे हात कोपरापर्यंत पेटले.

"पीनो," सिंफोरोसा म्हणाली. "खाजरी. आता विसरशील नाव?"

"नाही विसरणार," देओलिंदा हात चोळत म्हणाली. "तुझंही नाही विसरणार."

राग मात्र छान परत येत होता. घरी फेरीत तिची पाळी आली की ती नळी ओठाला लावायची आणि नुसती गाल आत ओढायची, घोट घ्यायचीच नाही. पाला सुटला तशी जीभ सुटली. तिने खाटकाला खडसावून मांस परत तोलायला लावलं. पाद्रीबाबांना विचारलं, बाकं कुठायत? प्रत्येक भांडण झालं की ती मनात म्हणायची, बघा, पाला बंद झाला आणि मी जागी झाले. आणखी काय पुरावा पाहिजे?

गावाची गंमत वेगळीच झाली. देओलिंदा आता कुणाच्या ओसरीवर गेली की आधी झारीत बघायची. पाच महिन्यांपूर्वी नवरा परदेशी गेलेल्या बाईच्या झारीत तिला मळमळीचा पाला दिसला, ती फक्त "बरं, बरं" म्हणाली, आणि ती बाई दोन रविवार देवळात आली नाही. झाऱ्यांवर फडकी पडू लागली. ज्या गावाने आजवर हिच्या झारीवर मजा मारली, ते गाव आता आपापली झारी पदराखाली घेऊन बसलं. म्हणायला लागलं, बाई फार भोचक झालीय. घ्या.

एक गोष्ट मात्र अडली होती. सिंफोरोसाने तिला सगळं दाखवलं, म्बुरुकुजा काही दाखवला नाही.

"आज दाखवतेस?"

"पाऊस पडल्यावर पान धरतं ते."

पाऊस पडला. "आज?"

"त्या बाजूला साप निघालाय."

"साप केव्हाचा गेला असेल."

"माझा गुडघा आहे ना पण इथेच."

देओलिंदाला कळेना, ही हरामखोर म्हातारी आता काय लपवतेय.

मे महिन्यात सासूचं वर्षश्राद्ध आलं. बाकीची माणसं थडग्यावर मेणबत्त्या लावून परतली, पण देओलिंदा मागे राहिली. तिला सासूशी बोलायचं होतं. "मी तुमचं काय बिघडवलं होतं?" तिने थडग्याला विचारलं. "मांडिओका कच्चा होता, म्हणून कच्चा म्हटलं. तेवढ्यासाठी जन्मभर?" बोलता बोलता आवाज चढला आणि ती तोंड फिरवून कुंपणाकडे बघू लागली, आणि कुंपणावर, शरद सरतानाचं ते शेवटचंच असणार, एक फूल उमललेलं होतं. जांभळी झालर. वेदीवरचं.

फुलाकडे बघू नकोस. तिने फुलाचं देठ धरलं आणि बोट मागे मागे नेलं, सांध्यापर्यंत. सांध्यातून एक तणावा निघाला होता, तारेभोवती गुंडाळलेला. आणि पान: एकच पान, तीन बोटांत फाटलेलं, पण तळाशी अखंड, पंजासारखं. तिने ते उलटं केलं, सरळ केलं, चुरगळलं, हुंगलं. एकही पान तोडलं नाही. स्मशानातून पाला नेत नाहीत, एवढं तीही शिकली होती. डोळ्यांत साठवून घरी आली आणि सकाळी हिलारियोने आणलेली जुडी तिने तो उखळ धुवून आणायच्या आत टेबलावर सोडली.

घोड्याची शेपटी. बुरीतो, पचनाचा पाला. आणि तीन तीन पानांचा तो तिसरा पाला, जो आजवर तिने नीट न बघताच म्बुरुकुजा धरला होता. तिने एक डहाळी उचलली. तीन बोटं नव्हती ती. तीन वेगळी पानं होती, बेलासारखी, प्रत्येकाची कड दातेरी. तणावा कुठेच नाही. हा तर कोकू, जो गावातलं शेंबडं पोर आणि म्हातारी कुत्री सोडून सगळेच पितात.

दुसऱ्या दिवशी तिने परत बघितलं. त्याच्या दुसऱ्याही दिवशी. कोकू.

तिसऱ्या सकाळी तिने डहाळी सिंफोरोसाच्या मांडीत टाकली. "हे काय आहे?"

सिंफोरोसाने डहाळीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "शिकलीस म्हणायची."

"म्बुरुकुजा कुठाय?"

"कुठून आणू? तो वेल तुमच्या ओढ्याकाठच्या बागेत होता, झाडांवर चढलेला. रुफिनोने कुंपण घातलं आणि खालचं सगळं रान जाळलं. मग राहिला तो फक्त मेलेल्यांच्या कुंपणावर. तिथला पाला काय देणार मी?" तिने चिरूट झाडला. "कोकू घातला. कुटल्यावर कुणाच्या बापाला कळतं? तुझा नवरा खूश, तू गप्प, मी कशाला बोलू?"

"कुंपण घातल्यापासून?"

"घालायच्या आधीपासूनच म्हण. तो आधी पंधरा दिवस रान साफ करत होता. तेव्हाच गेला वेल."

देओलिंदा उकिडवी बसली होती ती मांडी घालून खाली बसली. म्हणजे त्या रविवारी झारीत काही नव्हतं. ती उठली तेव्हा काही नव्हतं आणि बसली तेव्हाही काही नव्हतं. बाग पाल्याने नेली नव्हती. सगळे बघत होते, दीर हसत होता, नवऱ्याने मान हलवली, आणि तिची ती बसली. पुढची सगळी वर्षं संत्र्यांबद्दल आभार मानले ते साधं पाणी पिऊन. आणि हे गेल्या तीन महिन्यांतलं जागं होणं? ते कशाने? काही बंद झालंच नव्हतं, कारण काही चालूच नव्हतं.

"पाणी देऊ का?" सिंफोरोसाने विचारलं. "चेहरा कसा झालाय तुझा."

"तुझ्या हातचं पाणी नको." ती उठली. "पाला चोर होता तेच बरं. त्याला शिव्या देता येतात. आता मी कुणाला देऊ?"

"रुफिनोला दे की," सिंफोरोसा म्हणाली. "त्याने बाग घेतली ती घेतलीच ना? पाला असो नसो."

एवढी एकच सरळ गोष्ट ती म्हातारी त्या वर्षात बोलली असेल.

रविवारी ओसरीवर नेहमीची फेरी बसली. रुफिनो पहिल्या पिकल्या संत्र्यांची टोपली घेऊन आला होता. शेजारपाजारच्या बायका काही ना काही निमित्ताने अंगणात घोटाळत होत्या. आज काहीतरी फुटणार, हे गावाला वासावरून कळतं. झारी देओलिंदाने स्वतःकडे घेतली होती. ती ओतत होती आणि आत बघत होती.

"वहिनी, झारीत काय मासे पडलेत का?" रुफिनो म्हणाला.

"कोकू आहे. घोड्याची शेपटी आहे. बुरीतो आहे," ती म्हणाली. "म्बुरुकुजा नाही."

हिलारियोच्या हातातली गुआम्पा थांबली. रुफिनोने भावाकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "आज विसरलास का?" म्हणजे यालाही माहीत होतं.

"तो विसरला नाही. तू जाळलास. बागेतलं रान साफ केलंस तेव्हाच तो वेल गेला. तेव्हापासून या झारीत एक पान नाही त्याचं. न्या सिंफोरोसाला विचारा, ती कुंपणापाशीच आहे, कान लावून." अंगणात कुणीतरी खोकलं. "तुम्ही सगळे समजत होता मला पाल्याने गप्प बसवलंय. मीही तेच समजत होते. बरं वाटत होतं मला, काय सांगू. पण गप्प मी बसले होते. माझी मी. आणि माझी मी बसले होते तर माझी मी उठते. अर्धी बाग माझ्या यंत्राची आहे. उद्या सकाळी संत्री काढायला येते. फाटक उघडं ठेव. नाहीतर तार तोडावी लागेल, आणि तार तुझ्या पैशाची आहे."

"आता ही भेट आणली ती?" रुफिनो टोपलीकडे बोट दाखवत म्हणाला.

"माझ्या झाडाचं मला आणून दिलंस. हमालीबद्दल आभार."

"हिलारियो, सांग तुझ्या बायकोला काहीतरी."

हिलारियो गुआम्पा धरून बसलाच होता. फेरी अडली होती, पुढचा माणूस हात पुढे करून तसाच.

"मायक्रोफोन आहे का तो, धरून बसायला?" देओलिंदा म्हणाली. "पी आणि पुढे दे."

तो प्यायला. "तुला बरं वाटायचं, असं वाटायचं मला," तो म्हणाला.

"कुणाला बरं वाटायचं?"

हिलारियोने गुआम्पा पुढच्याच्या हातात दिली. "आम्हांला," तो म्हणाला.

सोमवारी फाटकाला साखळी होती. देओलिंदाने पक्कड आणलीच होती. तार तुटल्याचा आवाज ऐकून रुफिनो घरातून बाहेर आला, लांबूनच ओरडला, पंचायतीचं नाव काढलं, मग बायकांची गर्दी बघून परत आत गेला. बायका तमाशा बघायला आल्या होत्या. "बघायला आलात तर टोपली धरा," देओलिंदाने सांगितलं. काहींनी धरली. काही ओशाळून परत गेल्या, आणि त्यांतल्या दोघी-तिघी, घरी न जाता, थेट सिंफोरोसाच्या कोपऱ्यावर जाऊन आपापली जुडी उलगडायला लागल्या. त्या दिवशी सिंफोरोसाने दुपारीच उखळ पालथं घातलं.

हिलारियो गोणपाट खांद्यावर टाकून, अजून जरासा लंगडत, बोलावल्याशिवाय मागोमाग आला होता. देओलिंदा त्याच्याशी बोलत नव्हती. ती झाडांशी बोलत होती, म्हणजे शिव्या देत होती: फांद्यांवर बांडगुळं चढलीत, खोडाला शेवाळ आलंय, मेल्याने एवढ्या वर्षांत एक डहाळी छाटली नाही, नुसतं घेतलं. राग काही उतरला नव्हता, आणि तो सगळा रुफिनोवर नव्हता. मध्येच ती वळली, खाली बघितलं आणि कडाडली.

"पाय उचल."

हिलारियोने दचकून पाय उचलला. खाली, मातीला चिकटून, इवलीशी चार पानं होती.

"काय आहे?"

"तारोपे, झारीत घालतात तो. एवढं जाळूनही उगवलाय, आणि तू त्याच्यावर उभा राहा." ती गुडघ्यावर बसली आणि पान उलटं करून बघू लागली. "गोणी तिकडे ठेव. आणि जाताना खाली बघून चाल."